सावनदुर्गाच्या माथ्यावरून

बदलीचा आदेश हाती पडला की बँकेतील मनुष्य प्रथम दोन गोष्टींची चौकशी करतो : मुलांची शाळा आणि भाड्याचे घर. मला तिसरीही एक सवय होती. नव्या गावाच्या आसपास चढण्याजोगे डोंगर आहेत की नाहीत, हे मी आधी पाहून घेत असे. नोकरीची सोळा वर्षे पुण्यात गेलेली. राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड ही नावे आमच्या घरात नातेवाइकांच्या नावांसारखी घेतली जात. त्यामुळे आदेशावर ‘चिकपेट, बंगळूर’ ही अक्षरे वाचली तेव्हा मन काहीसे खट्टू झाले. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचीवर असलेले हे शहर हवेसाठी प्रसिद्ध. परंतु पठारावर वसलेले, म्हणजे भोवताली सारे सपाटच असणार, असा माझा समज. हा समज किती पोकळ होता आणि तो दूर होताना मला कोणती किंमत मोजावी लागली, त्याचीच ही हकीकत.

चिकपेट म्हणजे बंगळूरचा जुना गाभा. केंपेगौडा यांनी १५३७ मध्ये जी पेठ वसवली, तिच्यातील ही एक मुख्य रस्त्याची पेठ. आज येथे रेशमी साड्यांची ठोक विक्रीची दुकाने एकमेकांना खेटून उभी आहेत. शेजारच्या बळेपेटेत बांगड्या, नगरथपेटेत सोने-चांदी, आणि या साऱ्यांच्या मधून हातगाड्या, हमाल, रिक्षा व गिऱ्हाइके यांचा अखंड प्रवाह. गल्ल्या इतक्या अरुंद की मान वर केल्यावर आकाशाची एक चिंचोळी पट्टी तेवढी दिसते. येथे क्षितिज नावाची वस्तू असते, याचा दिवसभर विसर पडतो.

याच गल्ल्यांतून मला मराठी ऐकू आली. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी या दुष्काळी टापूतील माणसे सोने-चांदी गाळण्याच्या, शुद्ध करण्याच्या धंद्यात भारतभर पसरली आहेत, हे वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. गलाई व्यावसायिक म्हणून ते ओळखले जातात. आमच्या शाखेत अशा मंडळींची बरीच खाती होती. त्यांपैकी एक गृहस्थ विट्याजवळच्या एका खेड्यातले. साठी ओलांडलेली, हातांवर भट्टीच्या आचेचे जुने डाग. सारा बाजार त्यांना आप्पा म्हणे. मीही म्हणू लागलो.

शहाजीराजांच्या गावात

मराठी माणूस चिकपेटेत आला की त्याला सांगितली जाणारी पहिली गोष्ट शहाजीराजांची. १६३८ मध्ये आदिलशाही सरदार रणदुल्लाखान आणि शहाजीराजे यांनी केंपेगौडांच्या वंशजाकडून बंगळूर घेतले आणि पुढे हा मुलूख शहाजीराजांची जहागीर झाला. त्यांचा गौरी महाल नावाचा वाडा याच चिकपेटेत होता, असे परंपरा सांगते. आज त्याची खूण राहिलेली नाही. जिजाबाई आणि बालशिवाजी यांचाही काही काळ येथे मुक्काम झाला. जयराम पिंड्ये यांचे ‘राधामाधवविलासचंपू’ हे शहाजीराजांच्या दरबाराचे चित्र रेखाटणारे काव्यही याच काळातले. पुढे व्यंकोजीराजांनी तंजावरला राजधानी केली आणि १६८७ च्या सुमारास मोगलांच्या हाती गेलेले बंगळूर तीन लाख रुपयांच्या व्यवहारात म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांकडे गेले. बँकेच्या माणसाला हा आकडा विशेष लक्षात राहतो.

या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. बंगळूर गमावलेले केंपेगौडा घराणे कोठे गेले? ते पश्चिमेला मागडीकडे गेले आणि मागडीजवळचा सावनदुर्ग हा त्यांचा आधार राहिला. १७२८ मध्ये म्हैसूरच्या दळवायाने तो जिंकून घेईपर्यंत, म्हणजे नव्वद वर्षे, हे घराणे त्या पाषाणाच्या आश्रयाने टिकून राहिले. ज्या एका डोंगराने पराभूत घराण्याला इतका काळ सांभाळले, तो पाहिलाच पाहिजे असे मला वाटू लागले. समुद्रसपाटीपासून १,२२६ मीटर उंचीचा हा डोंगर आशियातील सर्वांत मोठ्या अखंड शिलाडोंगरांपैकी एक मानला जातो, हेही कळले. चिकपेटेतून तो सरळ रेषेत जेमतेम तीस-पस्तीस किलोमीटरवर.

पहिली चढाई : एक चूक

ऑक्टोबरातील एका रविवारी शाखेतील आम्ही पाच जण निघालो. म्होरक्या अर्थातच मी. सह्याद्रीतील अनुभवाच्या कथा मी जेवणाच्या सुटीत पुष्कळ सांगितल्या होत्या आणि तरुण सहकाऱ्यांनी त्या भक्तिभावाने ऐकल्या होत्या. त्यांच्यातला सर्वांत उत्साही म्हणजे आमचा रोखपाल, तुमकूरकडचा एक पंचविशीतला तरुण. त्याने आयुष्यात प्रथमच पायांत चढाईचे बूट घातले होते.

पायथ्याशी वीरभद्रस्वामी आणि नरसिंहस्वामी यांची देवालये आहेत. तेथे पेरू-काकड्या विकणाऱ्या एका वृद्ध स्त्रीने पूर्वेकडे बोट दाखवून ‘मळे बरुत्ते’ म्हटले. पाऊस येणार आहे, असा त्याचा अर्थ. आभाळात ढगाचा एखादाच पुंजका होता. दसरा झाला की पाऊस सरला, हा आमचा पुण्याकडचा हिशेब. मी हसून पुढे निघालो. बंगळूरच्या बाजूला सप्टेंबर आणि ऑक्टोबर हेच भर पावसाचे महिने असतात, दुपारनंतर ढग अचानक भरून येतात, हे मला कोणी सांगितले नव्हते असे नाही. ते मी मनावर घेतले नव्हते.

चढण सुरू झाली आणि माझा पहिला गोंधळ उडाला. सह्याद्रीत वाट असते. एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर जाताना कातळात खाच असते, कपार असते, करवंदीची जाळी असते, बोटांना धरायला काही ना काही मिळते. येथे समोर होती ती केवळ एक उतरती, प्रचंड, करड्या रंगाची पाठ. हत्ती बसला असावा तशी. कोठे झाड नाही, कोठे पायरी नाही; मध्येच जुन्या तटाचे अवशेष, काही ठिकाणी पायांसाठी कोरलेल्या उथळ खोबणी, आणि खडकावर रंगवलेले बाण. हातांना काम नाही. सारा भार तळव्यांवर. दगड कोरडा असल्याने बूट घट्ट बसत होते आणि तासाभरात आम्ही बरेच वर आलो. ‘हे तर सोपेच आहे,’ असे मी मोठ्याने म्हटल्याचे मला आजही आठवते.

माथा शंभरएक मीटर राहिला असताना पहिले थेंब पडले. पाच मिनिटांत सरी कोसळू लागल्या. आणि मग त्या दगडाचे रूपच पालटले. ज्यावर मघापर्यंत पाऊल चिकटत होते, तो आता साबण लावल्यासारखा झाला. वरून पाण्याचे ओहोळ सुटले. परतायचे की वर मंडपाचा आसरा गाठायचा, यावर मी क्षणभर घुटमळलो. खरे सांगायचे तर मला परतायचे नव्हते. इतक्या कथा सांगून झाल्यावर माथ्याच्या तोंडाशी येऊन मागे फिरणे मला लाजिरवाणे वाटत होते. मी ‘वर चला’ म्हटले.

रोखपालाचा पाय एका काळ्या पट्ट्यावर पडला. तो घसरला, वीस-पंचवीस फूट तसाच सरकत खाली गेला आणि एका खळग्यातल्या झुडपाला अडकून थांबला. ते झुडूप तेथे नसते तर, हा विचार मी अजूनही पूर्ण करू शकत नाही. उजवे मनगट मोडले होते, गुडघे सोलवटले होते. पाऊस थांबून दगड निथळेपर्यंत आम्ही दोन तास तेथेच बसून राहिलो आणि नंतर बसत, सरकत, एकमेकांचे हात धरत अंधार पडता पडता खाली आलो. ती म्हातारी दुकान आवरत होती. तिने आमच्याकडे पाहिले आणि काही न बोलता पाण्याचा तांब्या पुढे केला.

पुढचे सहा आठवडे तो तरुण प्लॅस्टरमध्ये हात घेऊन शाखेत येत होता. नोटा मोजता येत नसल्याने त्याला चौकशीच्या टेबलावर बसवावे लागले. त्याने मला कधी दोष दिला नाही. त्याच्या वडिलांनी तुमकूरहून फोन करून माझीच समजूत घातली. परंतु माझ्या केबिनच्या काचेतून ते पांढरे प्लॅस्टर रोज दिसे.

दगडाची ओळख

घसरण्याचे कारण शोधणे, एवढे तरी माझ्या हाती होते. मी मिळेल ते वाचू लागलो, जाणत्यांना विचारू लागलो. तेव्हा उमगले की चूक पावसाइतकीच दगडाची ओळख नसण्यात होती.

आपल्या महाराष्ट्राचे डोंगर बेसॉल्टचे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरले आणि त्यांतून दख्खनचे पठार घडले. हे थर आडवे असल्याने त्यांची झीज टप्प्याटप्प्याने होते. कडा, मग सपाटी, पुन्हा कडा. ‘डेक्कन ट्रॅप’ या नावातील ‘ट्रॅप’ हा शब्दही जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. आपण सह्याद्री चढतो म्हणजे खरोखरच एक अजस्र जिना चढत असतो.

बंगळूरच्या पश्चिमेचा आणि नैर्ऋत्येचा दगड निराळा. त्याला भूशास्त्रज्ञ क्लोजपेट ग्रॅनाइट म्हणतात. क्लोजपेट हे रामनगरचे इंग्रजी अमदानीतील नाव, बॅरी क्लोज या अधिकाऱ्यावरून पडलेले. दक्षिणोत्तर सुमारे चारशे किलोमीटर लांबीचा हा चिंचोळा पट्टा कर्नाटकाच्या पाठीच्या कण्यासारखा पसरला आहे. त्याचे वय सुमारे २५० कोटी वर्षे. आपला सह्याद्री त्यापुढे कालचे पोर ठरतो. हा दगड भूपृष्ठाच्या खोल पोटात सावकाश थिजला, म्हणून त्यात स्फटिक मोठे वाढले : गुलाबी-पांढरे फेल्स्पार, काचेसारखे क्वार्ट्झ, काळे चकचकीत अभ्रक. वरचे आच्छादन युगानुयुगे झिजून गेले, दाब हलका झाला आणि उघड्या पडलेल्या या दगडाचे पापुद्रे कांद्यासारखे सुटू लागले. त्यामुळेच ही शिखरे घुमटाकार, गोल खांद्यांची. त्यांना कंगोरे नाहीत, पायऱ्या नाहीत.

चढणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. बेसॉल्टवर माणूस पकडीवर चढतो, ग्रॅनाइटवर घर्षणावर. कोरड्या ग्रॅनाइटचे खरखरीत स्फटिक तळव्याला धरून ठेवतात. ओला झाला की तोच दगड पाऊल सोडून देतो. आणि त्यावर दिसणारे काळे उभे पट्टे म्हणजे पावसाच्या पाण्याच्या वाटा. तेथे शेवाळाचा पातळ थर असतो. कोरडा असताना तो निरुपद्रवी वाटतो, भिजला की घात करतो. आमच्या रोखपालाचे पाऊल नेमके अशा पट्ट्यावर पडले होते, आणि ती वाट त्याला मी दाखवली होती.

चिकपेटेपासून तीनएक किलोमीटरवर लालबाग आहे. फुलांच्या प्रदर्शनासाठी लोक तेथे जातात. परंतु बागेच्या आत एक मोठा उघडा खडक आहे, ज्याच्या माथ्यावर केंपेगौडांच्या नावाने ओळखला जाणारा बुरूज उभा आहे. हा खडक पट्टिताश्माचा म्हणजे नाइसचा, सुमारे ३०० कोटी वर्षांपूर्वीचा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून घोषित केले आहे. रोज पहाटे फिरायला येणारी मंडळी त्याच्यावरून सहज वर-खाली करीत असतात. मीही जाऊ लागलो. पूर्ण तळवा दगडावर टेकवून चालणे, टाचेवर भार न देणे, घाबरून पुढे न झुकणे, उतरताना लहान पावले टाकणे हे मी पंचेचाळिसाव्या वर्षी नव्याने शिकलो. एके दिवशी शेजारी पाहतो तो आमचा रोखपाल. प्लॅस्टर निघाले होते. ‘सर, कोरड्या दिवसांत पुन्हा जाऊ या,’ तो म्हणाला. ‘माझा माथा राहिला आहे.’

दुसरी चढाई

जानेवारीचा तिसरा रविवार ठरला. या वेळी वाटेचा निर्णय रोखपालाने घ्यायचा आणि ‘मागे फिरा’ म्हणण्याचा अधिकार प्रत्येकाला, असे आधीच ठरवून घेतले. बँकेत दोन सह्या असल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. डोंगरावर मात्र मी एकट्याच्या सहीने पाच जणांचा जीव पणाला लावला होता.

निघण्याच्या दोन दिवस आधी आप्पा शाखेत आले होते. बेत ऐकून म्हणाले, ‘‘साहेब, चाळीस वर्सं झाली मला हितं. पर असला डोंगर हाय म्हणून ठावंच न्हवतं. मी येऊ का?’’ त्यांच्या वयाकडे पाहून मी चाचरलो. त्यांनी ओळखले. ‘‘न्हाय झेपलं तर बसंन की वाटंत. बसायला काय पैसं पडत्यात?’’

पहाटे साडेसहाला आम्ही पायथ्याशी होतो. ती वृद्धा होती. आभाळाकडे पाहून तिने मान डोलावली, तेव्हा मला परवाना मिळाल्यासारखे वाटले. पहिल्याच चढावर आप्पांनी खाली बसून चपला काढल्या, पिशवीत टाकल्या आणि अनवाणी चालू लागले. आमच्या महागड्या बुटांपेक्षा त्यांचे पाय त्या दगडावर अधिक विश्वासाने पडत होते. मध्येच ते थांबत, दगडावर बोट फिरवत. अभ्रकाचे कण उन्हात लखलखत होते. ‘‘ह्यो नुसता चकाकतोय,’’ ते म्हणाले. ‘‘माल कसला हाय ते वरनं कळत न्हाय, साहेब. मुशीत घातल्यावर कळतं.’’ ते दगडाविषयी बोलत होते. मला मात्र ऑक्टोबरातला मी आठवलो.

जेथे अपघात झाला होता त्या जागी रोखपाल थांबला. ते झुडूप तसेच होते. त्याने बाटलीतले थोडे पाणी त्याच्या मुळाशी ओतले आणि काळा पट्टा दूर ठेवून डावीकडून वाट काढली. कोणी काही बोलले नाही.

शेवटचा चढ आप्पांना जड गेला. दहा पावले, विश्रांती, पुन्हा दहा पावले. मी दोनदा विचारले, ‘‘आप्पा, थांबू या का?’’ दोन्ही वेळा त्यांनी प्रामाणिकपणे विचार करून ‘‘अजून हाय दम’’ म्हटले. तिसऱ्यांदा विचारायच्या आत समोर नंदीचा लहानसा दगडी मंडप आला.

माथ्यावरून

वाचकहो, सह्याद्रीच्या शिखरावरून दिसते ती डोंगरांची गर्दी. रांगेमागे रांग, खोल दऱ्या. सावनदुर्गावरून दिसते ते मोकळे पठार आणि त्यावर दूर दूर एकेकटी उभी असलेली पाषाणशिखरे. समुद्रात बेटे असावीत तशी. शेजारीच बिळिगुड्ड, म्हणजे पांढरा डोंगर. आपण उभे असतो तो करिगुड्ड, काळा डोंगर. आग्नेयेला अर्कावती नदीवरच्या मंचनबेले जलाशयाचे पाणी चकाकत असते, ईशान्येला तिप्पगोंडनहळ्ळीचा जलाशय. दक्षिणेला रामनगरच्या टेकड्या, उत्तरेला शिवगंगेचे शिखर. हवा अगदी निवळ असेल तर ईशान्येच्या टोकाला नंदीदुर्गाची रेषाही ओळखू येते.

इतिहासातल्या ज्या गोष्टी मी तुकड्यातुकड्यांनी वाचल्या होत्या, त्या तेथे एका दृष्टिक्षेपात जुळल्या. प्रत्येक शिखर एक दुर्ग होता आणि मैदानात उभारलेले बंगळूर या पहारेकऱ्यांच्या मधोमध वसलेले होते. १७९१ च्या मार्चमध्ये कॉर्नवॉलिसने टिपूकडून बंगळूर घेतले खरे, परंतु श्रीरंगपट्टणाकडे पुन्हा वळण्यापूर्वी त्याला ही शिखरे एकेक करून घ्यावी लागली : ऑक्टोबरात नंदीदुर्ग, डिसेंबरात सावनदुर्ग. त्या युद्धात हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजाही इंग्रजांच्या बाजूने याच मुलखात वावरत होत्या. रॉबर्ट होम या चित्रकाराने या दुर्गाची चित्रे काढली आणि त्याच्या नावाचा अर्थ ‘मृत्यूचा दुर्ग’ असा नोंदवला. मागच्या खेपेस तो अर्थ आम्ही जवळून पाहिला होता.

आप्पा मंडपाच्या सावलीत बसले होते. त्यांनी विचारले, ‘‘चिकपेट कुठल्या अंगाला?’’ रोखपालाने पूर्वेकडे बोट दाखवले. तेथे क्षितिजावर धुरकट पट्टा होता, त्यातून उंच इमारतींची टोके अस्पष्ट दिसत होती. आप्पा बराच वेळ तिकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘‘चाळीस वर्सं त्या धुरात बसलो व्हय मी.’’ आणि थोड्या वेळाने, ‘‘आनि गाव?’’

मी सूर्याकडे पाहून अंदाज घेतला आणि वायव्येकडे हात केला. त्या बाजूला मागडीपलीकडे फक्त पठार होते, आणि त्याच्या टोकाला आकाश. सहाशेहून अधिक किलोमीटरवरचे खेडे तेथून दिसण्याचा प्रश्नच नव्हता. तरी आप्पांनी डोळ्यांवर हात धरून तिकडे पाहिले. सोळाव्या वर्षी ते गाव सोडून निघाले होते. भट्टीच्या एका खोलीत त्यांचे आयुष्य गेले. मुलगे शिकले, गावी घर झाले, विहीर झाली. ‘‘दिशा तरी कळली,’’ ते म्हणाले.

मला त्या पराभूत केंपेगौडांची आठवण झाली. त्यांनीही याच माथ्यावरून पूर्वेकडे पाहिले असेल, आपण वसवलेल्या आणि आता दुसऱ्याच्या झालेल्या शहराकडे. आणि खाली पेठेत वाडा बांधून राहिलेल्या शहाजीराजांना पुण्याची दिशा कधी शोधावीशी वाटली नसेल का? जहागीर येथे आणि पुत्र तेथे, अशी त्यांची आयुष्याची वाटणी झालेली होती. चिकपेटेतल्या चिंचोळ्या गल्लीत हे प्रश्न सुचत नाहीत. त्यासाठी चार बाजूंचे क्षितिज लागते.

उतरताना मी सर्वांत मागे होतो, मुद्दाम. पुढे रोखपाल, मध्ये अनवाणी आप्पा. पायथ्याशी त्या वृद्धेकडून आम्ही तिची सारी टोपली विकत घेतली. तिने एक पेरू परत केला आणि तो रोखपालाच्या बऱ्या झालेल्या हातात ठेवला.

आसपासची आणखी काही शिखरे

चिकपेटेतून एका दिवसात जाऊन येण्याजोगी पाषाणशिखरे अनेक आहेत. वाचकांच्या सोयीसाठी थोडक्यात त्यांची ओळख देत आहे.

*नंदीदुर्ग* (१,४७८ मीटर) : वरपर्यंत मोटाररस्ता असल्याने वृद्धांनाही सुलभ. पहाटेचे ढग येथील विशेष आकर्षण. पायथ्याचे भोगनंदीश्वराचे प्राचीन देवालय चुकवू नये.

*शिवगंगा* : तुमकूर रस्त्यावर दाबसपेटेजवळ. चढावर पायऱ्या व कठडे असून माथ्याजवळ दगडी नंदी आहे. ‘दक्षिण काशी’ म्हणून भाविकांची वर्दळ असते.

*निजगल* : त्याच परिसरातील दुर्ग. १७७० च्या स्वारीत थोरल्या माधवराव पेशव्यांच्या फौजेने चित्रदुर्गच्या नायकाच्या साहाय्याने तो घेतला. या वेढ्यात नारायणराव जखमी झाले होते.

*मधुगिरी* : तुमकूर जिल्ह्यातील अतिशय उंच, अखंड शिलादुर्ग. बंगळूरहून सुमारे शंभर किलोमीटर. हैदरअलीने येथे कैदेत ठेवलेल्या बिदनूरच्या राणी वीरम्माजी यांची १७६७ मध्ये माधवराव पेशव्यांनी सुटका केली. वरचा टप्पा खड्या उताराचा आहे. अनुभवाशिवाय जाऊ नये.

*रामनगर* : १९७५ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘शोले’मधील टेकड्या त्या याच. रामदेवरबेट्ट परिसर २०१२ पासून गिधाडांसाठी संरक्षित आहे. तेथे शांतता पाळावी.

सावनदुर्गासाठी बंगळूरहून मागडीपर्यंत नियमित बस मिळते. तेथून दुर्ग बारा किलोमीटरच्या आसपास आहे. वन विभागाच्या अखत्यारीतील अनेक डोंगरांवर आता आगाऊ ऑनलाइन नोंदणी आवश्यक असते, तेव्हा निघण्यापूर्वी नियमांची खात्री करून घ्यावी. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. सूर्य वर येण्याआधी चढावे, कारण उन्हात हा दगड तापतो आणि वर सावली अगदी थोडी आहे. प्रत्येकी किमान दोन लिटर पाणी सोबत ठेवावे. एकट्याने जाऊ नये. काळे पट्टे टाळावेत. पावसाचा पहिला थेंब पडताच, माथा कितीही जवळ असला तरी, वर जाण्याचा विचार सोडावा आणि कोरड्या, सुरक्षित जागी थांबून दगड वाळू द्यावा.

आणि पायथ्याशी कोणी स्थानिक माणूस आकाशाकडे बोट दाखवून काही सांगत असेल तर भाषा कळली नाही तरी थांबून ऐकावे.

चिकपेट शाखेत मी तीन वर्षे होतो. पुढची बदली झाली तेव्हा निरोपसमारंभात आप्पांनी मला कागदात बांधलेला एक लहानसा दगड दिला. सावनदुर्गाच्या पायथ्याशी सुटून पडलेला ग्रॅनाइटचा तुकडा; त्या दिवशी त्यांनी तो कधी उचलला, मला कळलेही नव्हते. सध्या तो माझ्या टेबलावर कागद दाबून ठेवण्याच्या कामी येतो. एखाद्या निर्णयावर सही करताना हात उगाच घाईला आला, तर मी आधी त्या दगडाकडे पाहतो.